कॅनडाची जुनी नाणी आणि नोटा : ओळख, पारख आणि किंमत

१८५९ साली लंडनच्या रॉयल मिंटमध्ये पाडलेला कॅनडाचा एक सेंट, वापरून झिजलेला असेल तर, आजही टोरांटो किंवा माँट्रियलमधील नाणेविक्रेत्याकडे काही डॉलरांत मिळतो. त्याच्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी आलेला, सालाखाली बारीकसा ठिपका असलेला १९३६ चा एक सेंट मात्र जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील एका लिलावात चार लाख अमेरिकी डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. जुन्या चलनाची किंमत त्याच्या वयावरून ठरत नाही. हाती असलेला प्रकार नेमका कोणता, त्याचे किती नग शिल्लक आहेत, हा नग कोणत्या अवस्थेत आहे आणि तो घ्यायला किती संग्राहक उत्सुक आहेत, या चार गोष्टींवरून ती ठरते, आणि या चारही गोष्टी तपासण्याचा एक क्रम आहे.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांत असे चलन अनेक वाटांनी येते: गराज सेलमध्ये घेतलेला डबा, वृद्ध शेजाऱ्याने मुलांना कौतुकाने दिलेला चांदीचा डॉलर, जुन्या फर्निचरच्या खणात राहून गेलेली एखादी नोट. भारतात राहून ब्रिटिश साम्राज्यातील देशांची नाणी जमवणाऱ्यांनाही हा विषय जवळचा वाटावा, कारण कॅनडाच्या काही सर्वाधिक मागणी असलेल्या नाण्यांचा जन्म थेट भारताच्या इतिहासातील घडामोडींतून झालेला आहे.

कामाला बसण्यापूर्वी पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायचा कॅलिपर, एक साधे लोहचुंबक आणि बाजूला कलवता येणारा दिवा एवढे साहित्य जवळ असावे. नाणे नेहमी कडेने धरावे, चेहऱ्यावर बोट टेकवू नये, आणि खाली मऊ कापड अंथरावे, म्हणजे हातातून निसटले तरी इजा होणार नाही. यांतील एकही वस्तू महाग नाही, आणि यांच्याशिवाय केलेली पारख ही नुसती अटकळ असते.

आधी नाणे कोणाचे ते ठरवावे

कॅनडाचा संघ १८६७ साली झाला, परंतु दशमान पद्धतीची नाणी त्यापूर्वीची आहेत. तेव्हाच्या प्रॉव्हिन्स ऑफ कॅनडाने १८५८ साली १, ५, १० आणि २० सेंटांची नाणी लंडनहून पाडून आणली. यांपैकी एक सेंटाचे नाणे मुद्दाम नेमक्या एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, व्यासाचे ठेवले होते आणि अशी शंभर नाणी मिळून एक पौंड वजन भरत असे, त्यामुळे दुकानदाराला ती माप म्हणूनही वापरता येत. २० सेंटांचे नाणे फक्त १८५८ या एकाच सालाचे आहे. १८७० मध्ये नव्या संघराज्याची नाणी आली तेव्हा त्याची जागा २५ सेंटांच्या नाण्याने घेतली. १८७० च्या संचात ५, १०, २५ आणि ५० सेंट होते, आणि संघराज्याचा पहिला एक सेंट १८७६ मध्ये आला.

याच काळात नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड यांनीही आपापली नाणी काढली होती. न्यूफाउंडलंड तर १९४९ पर्यंत कॅनडात सामीलच नव्हते आणि १८६५ ते १९४७ या काळातील त्याची नाणी पूर्णपणे वेगळी आहेत, ज्यांत दोन डॉलरांचे सोन्याचे नाणेही होते. नवख्या संग्राहकाने हे सर्व एकदम जमवण्याचा मोह टाळावा. एकच राजवट, एकच मूल्य किंवा एकच कालखंड निवडून त्यात खोलवर उतरले, तर एक-दोन वर्षांत नजर तयार होते. सगळीकडून थोडे थोडे घेतल्यास नाण्यांची संख्या वाढते, पण पारख वाढत नाही. माझ्या मते सुरुवातीसाठी १९२० ते १९३६ या काळातील लहान सेंट सर्वांत चांगले आहेत. १९२० मध्ये सेंटाचा व्यास १९.०५ मिलिमीटरपर्यंत कमी करण्यात आला, आणि या मालिकेतील १९२२ ते १९२६ ही सोडली तर बहुतेक साले परवडणारी आहेत. यांपैकी १९२३ आणि १९२५ ही दोन साले प्रत्येकी दहा लाखांच्या आसपासच निघाली, म्हणून ती थोडी धीराने शोधावी लागतात.

टांकसाळीचे चिन्ह पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. लंडनला काम झेपत नसे तेव्हा बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत कॅनडाची नाणी पाडली जात, आणि त्यांवर बारीक ‘एच’ हे अक्षर असते: सेंटांवर सालाखाली, तर चांदीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला हाराच्या गाठीखाली. हे अक्षर असणे किंवा नसणे यावर किंमत अनेक पटींनी बदलू शकते. १९०७ च्या एक सेंटाचे ‘एच’ असलेले नाणे ‘एच’ नसलेल्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे, आणि १८७५ सालची ‘एच’ असलेली चांदीची नाणी सर्वच कठीण आहेत. कॅनडाची स्वतःची टांकसाळ ओटावा येथे २ जानेवारी १९०८ रोजी सुरू झाली. १९३१ पर्यंत ती लंडनच्या रॉयल मिंटची शाखा होती, त्यामुळे तेथे सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचे नाणेही (आपल्याकडे बोलीत गिनी) पाडले गेले आणि त्यांवर ‘सी’ हे अक्षर आले. मुंबईच्या टांकसाळीतही १९१८ साली अशाच शाखेत सॉव्हरिन पाडले गेले आणि त्यांवर ‘आय’ आहे. मागच्या बाजूवरील घोडेस्वाराच्या चित्रात घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, हे अक्षर शोधावे लागते. आजीच्या दागिन्यांत असलेल्या गिनीवर ‘आय’ऐवजी ‘सी’ दिसला, आणि तेही साल १९१६ असेल, तर ती सोनाराकडे वजनावर देण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला अवश्य दाखवावी.

राजा बदलला की नाणे बदलते

कॅनडाच्या नाण्यांतील दुर्मीळ प्रकारांचा एक मोठा भाग राजघराण्यातील बदल आणि टांकसाळीची घाई यांतून निर्माण झालेला आहे. म्हणून दर्शनी बाजूवरील लॅटिन मजकूर वाचायला शिकणे हा फावल्या वेळचा छंद नसून पारखीचा पाया आहे.

पाचव्या जॉर्जची पहिली नाणी १९११ मध्ये निघाली तेव्हा त्यांवर ‘ईश्वरकृपेने’ या अर्थाचे ‘डेई ग्राशिया’ हे शब्द नव्हते. जनतेने मोठी नापसंती व्यक्त केली आणि १९१२ पासून ते शब्द संक्षिप्त रूपात परत आले. १९११ सालची ही नाणी ‘गॉडलेस’ म्हणून ओळखली जातात. त्याच वर्षी भारतातही पाचव्या जॉर्जच्या रुपयावरील मानचिन्हाच्या माळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि तो बदलावा लागला, हे भारतीय नाणी जमवणाऱ्यांना ठाऊक आहेच; दोन्ही देशांच्या संग्रहात ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. ‘गॉडलेस’ नाणी सर्व मूल्यांत मिळतात. सेंट स्वस्त आहे, ५० सेंटांचे नाणे मात्र चांगल्या अवस्थेत महाग पडते.

आठव्या एडवर्डने ११ डिसेंबर १९३६ रोजी राजत्याग केला आणि सहाव्या जॉर्जचे साचे वेळेत तयार होऊ शकले नाहीत. १९३७ च्या सुरुवातीला नाण्यांची निकड भागवण्यासाठी ओटावाने पाचव्या जॉर्जचेच १९३६ चे साचे वापरले आणि ही नाणी पुढच्या वर्षात पाडलेली आहेत हे कळावे म्हणून त्यांवर एक छोटा ठिपका कोरला. सेंटावर तो सालाखाली आहे. ठिपक्याचे २५ सेंट दीड लाखांवर निघाले, त्यामुळे ते पैसे मोजले की मिळतात. ठिपक्याचा सेंट आणि ठिपक्याचे १० सेंट मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच ज्ञात आहेत. म्हणून कोणी ठिपक्याचा सेंट विकायला आणला, तर तो साध्या सेंटावर नंतर चिकटवलेला किंवा उठवलेला ठिपका आहे, असेच गृहीत धरून तपासाला लागावे.

भारताशी सर्वांत घट्ट जोडलेले नाणे १९४७ चे आहे. सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर नावानंतर ‘एट इंड इम्प’ अशी संक्षिप्त अक्षरे असत. अर्थ असा की तो भारताचाही सम्राट आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाल्यावर हा किताब काढून टाकणे भाग पडले, पण नव्या मजकुराचे साचे लंडनहून ओटावाला पोहोचायला १९४८ सालाचा बराच भाग उलटून गेला. दरम्यान बाजारात नाण्यांचा तुटवडा होता. मग टांकसाळीने १९४७ चेच जुने साचे वापरले आणि सालानंतर मेपलचे एक इवलेसे पान कोरून ही नाणी १९४८ मध्ये पाडलेली आहेत अशी खूण केली. भिंगाखाली ‘१९४७’ मधील ७ च्या उजवीकडे पाहावे: पान असेल तर त्याची टोके वेगळी दिसतात, आणि ते नाण्याच्या पृष्ठभागातूनच उठलेले असते, वरून डकवल्यासारखे नसते. पानाचा सेंट विपुल मिळतो आणि दिल्ली-मुंबईच्या इतिहासाचा कॅनडाच्या खिशात उमटलेला ठसा म्हणून तो प्रत्येक मराठी संग्राहकाकडे असावा असे मला मनापासून वाटते. पानाचा चांदीचा डॉलर मात्र फक्त २१,१३५ नगांत निघाला. नवे साचे आल्यावर १९४८ साल घातलेले चांदीचे डॉलर अवघे १८,७८० पाडले गेले, आणि कॅनडाच्या डॉलर मालिकेत संग्राहकाला सर्वांत जास्त वाट पाहायला लावणारे नाणे तेच आहे.

दुर्मिळतेचे दुसरे कारण म्हणजे वितळवणे. १९२१ च्या ५० सेंटांची दोन लाखांवर नाणी पाडली गेली होती, पण मागणी नसल्याने ती टांकसाळीतच पडून राहिली आणि पुढे १९२९ मध्ये जवळजवळ सगळी वितळवली गेली. आज साधारण शंभरच्या आतबाहेर उरली असावीत असे मानतात. १९२१ चे चांदीचे ५ सेंटही असेच निकलचे नाणे येण्याच्या बेतात वितळवले गेले. म्हणून केवळ किती नाणी पाडली, हा आकडा पाहून दुर्मिळता ठरवू नये. किती उरली, हा प्रश्न महत्त्वाचा.

काही प्रकार तर डोळा तयार झाल्याशिवाय दिसतच नाहीत. ओंटारिओतील आर्नप्रायर गावच्या एका कंपनीने १९५५ साली कामगारांना नाताळची भेट म्हणून देण्यासाठी दोन हजार चांदीचे डॉलर मागवले. ज्या साच्यातून ते निघाले तो जादा घासल्याने डॉलरवरील चित्रातल्या नावेच्या उजव्या टोकापुढील पाण्याच्या रेषा पुसट होऊन दीडच उरल्या होत्या. पाण्याच्या पूर्ण रेषांचा साधा १९५५ चा डॉलर आणि हा ‘आर्नप्रायर’ डॉलर यांच्या किमतीत मोठे अंतर आहे. अगदी अलीकडचे उदाहरण १९७३ च्या २५ सेंटांचे आहे. घोडेस्वार पोलीस दलाच्या शताब्दीच्या या नाण्यावर राणीची मुद्रा दोन आकारांत आढळते. लहान मुद्रेच्या नाण्यावर कडेने १२० मणी असून ते कडेपासून थोडे आत आहेत, ते नाणे सर्वत्र मिळते. मोठ्या मुद्रेच्या नाण्यावर १३२ मणी कडेला लागून आहेत, आणि ते दुर्मीळ आहे. हे नाणे आजही सुट्या पैशांत सापडू शकते, म्हणून मुलांना शोधायला देण्यासाठी उत्तम.

चांदी किती आणि तिची किंमत किती

कॅनडाच्या चांदीच्या नाण्यांत १९१९ पर्यंत हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी होती. १९२० पासून १९६६ पर्यंत ती ८०० भाग झाली. १९६७ मध्ये १० आणि २५ सेंटांची काही नाणी ८०० भागांची, तर काही ५०० भागांची आहेत, आणि ती नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येत नाहीत. १९६८ मध्ये ५०० भागांची चांदी आणि शुद्ध निकल अशा दोन्ही धातूंची नाणी निघाली; तेथे लोहचुंबक कामी येतो, कारण निकल चिकटते आणि चांदी चिकटत नाही. १९२० ते १९६६ या काळातील नाण्यांसाठी एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा: दर्शनी मूल्य एक डॉलर, मग ते डॉलरचे एक नाणे असो, २५ सेंटांची चार असोत की १० सेंटांची दहा, त्यात साधारण १८.६६ ग्रॅम, म्हणजे ०.६ ट्रॉय औंस, शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणले की धातूची किंमत निघते, आणि विक्रेत्याने दिलेला भाव त्याहून कमी असेल तर नाणी परत खिशात घालावीत. कॅनडाच्या कायद्याने चलनातील नाणी परवान्याशिवाय वितळवण्यास मनाई आहे, म्हणून धातूच्या भावात विकायची नाणीसुद्धा नाण्यांच्या रूपातच विकावीत.

महायुद्धाच्या काळातील ५ सेंटांची नाणी धातूसाठी नव्हे, कथेसाठी जमवावीत. निकल शस्त्रास्त्रांसाठी लागत असल्याने १९४२ मध्ये ती टॉम्बॅक या पितळी मिश्रधातूची आणि बारा कोनांची झाली, १९४३ मध्ये त्यांवर विजयाचा ‘व्ही’ आला आणि कडेवर मोर्स लिपीत ‘आपण मनापासून राबलो तर जिंकू’ अशा आशयाचे वाक्य कोरले गेले. १९४४ आणि १९४५ मध्ये क्रोम चढवलेले पोलाद वापरले. भिंगाने ते टिंब आणि रेघा वाचत बसणे हा एक वेगळाच आनंद आहे.

अवस्था ओळखणे

अवस्थेसाठी अमेरिकेप्रमाणे कॅनडातही १ ते ७० अशी श्रेणी वापरतात. जी (गुड), व्हीजी (व्हेरी गुड), एफ (फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन), ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन) आणि एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड) या वापरलेल्या नाण्यांच्या चढत्या पायऱ्या आहेत, आणि ६० पासून पुढे एमएस (मिंट स्टेट) म्हणजे वापरात न गेलेली नाणी. विक्रेते बोलताना हीच अक्षरे वापरतात, म्हणून ती पाठ असावीत.

श्रेणी ठरवताना चित्राचा सर्वांत उंच भाग पाहावा, कारण झीज तेथूनच सुरू होते. सातव्या एडवर्डच्या आणि पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर हा भाग म्हणजे मुकुटाच्या तळाची पट्टी, कपाळाच्या वरची. दिवा एका बाजूने तिरपा धरून तेथे भिंग लावावे. पट्टी किंचित झिजलेली पण रेखीव असेल, तर नाणे ईएफ. पट्टी स्पष्ट असली तरी तिची धार गेलेली असेल, तर व्हीएफ. पट्टीवरील रत्ने एकमेकांत मिसळून अस्पष्ट झाली असतील, तर एफ. सर्वांत उंच जागी पट्टी पूर्ण पुसली असेल, तर व्हीजी. आणि पट्टी आरपार झिजली असेल, तर जी. वीस-पंचवीस स्वस्त नाणी एकत्र ठेवून, एकमेकांशी ताडून हा सराव केला की हात बसतो. वापरात न गेलेल्या नाण्यावर मूळची झळाळी असते. दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवले तर ती प्रकाशाच्या आऱ्यांसारखी पृष्ठभागावरून फिरते. घासून चकचकीत केलेल्या नाण्याची चमक अशी फिरत नाही, ती एकाच जागी थिजलेली राहते.

येथे एक गोष्ट जोर देऊन सांगावीशी वाटते, आणि ती म्हणजे नाणी कधीही घासू नयेत. आपल्याकडे देव्हाऱ्यातील भांडी चिंचेने लख्ख करण्याची सवय आहे. तीच चिंच, लिंबू, पितांबरी किंवा टूथपेस्ट जुन्या नाण्याला लावली, तर त्याची निम्म्याहून अधिक किंमत काही मिनिटांत जाते आणि ती पुन्हा कधीही परत येत नाही. काळी पडलेली चांदी आणि तपकिरी झालेला सेंट यांना संग्राहक दोष मानत नाहीत. उलट, सेंटाचा मूळचा लाल रंग टिकला असेल तर त्याला चांगला भाव मिळतो, आणि रसायनाने आणलेला खोटा लाल रंग अनुभवी डोळ्याला लगेच कळतो.

नोटांचे जग

कॅनडातील कागदी चलनाची सुरुवात खासगी बँकांपासून झाली. बँक ऑफ माँट्रियलने १८१७ साली आपल्या नोटा काढल्या आणि पुढे अनेक बँकांनी तोच मार्ग धरला. काही बँका बुडाल्या, काही मोठ्या बँकांत विलीन झाल्या, आणि १९४४ च्या कायद्यानंतर त्यांचा नोटा काढण्याचा अधिकार संपुष्टात आला. सरकारच्या डॉमिनियन नोटा १८७० पासून आहेत. त्यांतील २५ सेंटांची छोटी नोट, जिला लोक ‘शिनप्लास्टर’ म्हणत, अमेरिकेची चांदीची नाणी चलनातून हटवण्यासाठी अर्थमंत्री फ्रान्सिस हिंक्स यांनी काढली. ती पुढे १९०० आणि १९२३ मध्येही निघाली. १९०० च्या चार डॉलरांच्या नोटेवर कॅनडा-अमेरिका सीमेवरील सू सेंट मेरी येथील, जहाजांना वाट देणाऱ्या कालव्याचे दरवाजे छापले आहेत, पण ते कॅनडाच्या बाजूचे नसून अमेरिकेच्या बाजूचे आहेत. चूक लक्षात आल्यावर १९०२ च्या नोटेवर कॅनडाच्या बाजूचे चित्र आले. या दोन्ही नोटा जोडीने मिळवणे हे अनेकांचे वर्षानुवर्षांचे ध्येय असते.

बँक ऑफ कॅनडा ११ मार्च १९३५ रोजी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या मालिकेत इंग्रजी आणि फ्रेंच नोटा वेगवेगळ्या होत्या. फ्रेंच नोटा कमी छापल्या गेल्या म्हणून त्यांना जास्त भाव आहे. याच मालिकेतील २० डॉलरांच्या नोटेवर लहानग्या राजकन्या एलिझाबेथचे चित्र आहे. पुढे जगभरच्या नोटांवर झळकलेला तो चेहरा नोटेवर येण्याची ही पहिलीच वेळ होती. पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी निघालेली २५ डॉलरांची जांभळी नोट आणि ५०० डॉलरांची नोट या मालिकेतील सर्वांत दुर्मीळ. १९३७ पासून एकाच नोटेवर दोन्ही भाषा आल्या. त्या मालिकेत ‘ऑसबोर्न’ आणि ‘टॉवर्स’ या बँक अधिकाऱ्यांच्या सह्या असलेल्या नोटा नंतरच्या सह्यांच्या नोटांपेक्षा कमी आहेत, म्हणून सालापेक्षा सह्या वाचाव्यात.

१९५४ च्या मालिकेची गोष्ट प्रत्येक संग्राहकाने स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी. राणीच्या कानामागच्या केसांच्या बटांत, उजेड आणि सावलीच्या खेळामुळे, दात विचकणारा एक चेहरा दिसतो. लोकांची कुरकूर वाढली आणि १९५६ पासून ते केस गडद करून नव्याने कोरण्यात आले. पहिल्या नोटा ‘डेव्हिल्स फेस’ म्हणून ओळखल्या जातात. नोट सरळ उजेडात धरून कानामागे भिंग लावले आणि उजळ नाक, डोळे आणि ओठ यांचा आकार जुळून आला, तर ती जुनी छपाई. तेथे सपाट काळोखी असेल, तर सुधारित. क्रमांकाच्या आधी तारकाचिन्ह असेल, तर ती खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट असते, आणि ‘डेव्हिल्स फेस’ची तारांकित नोट फार मौल्यवान. १९७० नंतरच्या काही मालिकांत तारकेऐवजी क्रमांकाच्या अक्षरांत ‘एक्स’ वापरले आहे.

याउलट, १९६७ च्या शताब्दीच्या एक डॉलरच्या ज्या नोटेवर क्रमांकाऐवजी ‘१८६७ १९६७’ छापले आहे, ती लोकांनी इतक्या मोठ्या संख्येने जपून ठेवली की आजही ती दुर्मीळ नाही. अनेकांच्या कपाटांत तिच्याविषयी मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात, म्हणून हे स्पष्ट लिहिलेले बरे.

नोटेची अवस्था घड्यांवरून कळते. उजेडासमोर तिरपी धरली की पूर्वी इस्त्री करून किंवा दाबून लपवलेली घडीही कागदाचे तंतू तुटल्यामुळे रेषेसारखी दिसते. कोपरे गोल झाले आहेत का, मधोमध घडीच्या छेदावर भोक आहे का, कडा कापून सरळ केल्या आहेत का, टाचणीची छिद्रे आहेत का, हे क्रमाने पाहावे. धुतलेल्या नोटेचा कडकपणा जातो आणि शाई फिकट दिसते. जुन्या बँकांच्या नोटांवर हाताने केलेल्या सह्या असत, त्यामुळे सही नसलेली नोट ही बहुधा कधी चलनात न गेलेली उरलेली प्रत असते आणि तिचा भाव वेगळा असतो.

१ जानेवारी २०२१ पासून १, २, २५, ५०० आणि १००० डॉलरांच्या नोटा कायदेशीर चलन राहिलेल्या नाहीत. त्या रद्दी झाल्या असे मात्र नव्हे. बँक ऑफ कॅनडा त्या दर्शनी मूल्याला अजूनही बदलून देते. तरीही १००० डॉलरांची जुनी नोट बँकेत देण्यापूर्वी तिचे साल, सही आणि अवस्था तपासावी, कारण संग्राहक तिला दर्शनी मूल्याहून अधिक देण्याची शक्यता असते.

नकली ओळखणे आणि जपणूक

मौल्यवान नाण्यांच्या नकला होतात आणि त्यांत १९४८ च्या डॉलरचीही गणना आहे. चांदीच्या डॉलरचे वजन २३.३३ ग्रॅम आणि व्यास ३६ मिलिमीटर असायला हवा. येथे अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसला तरी थांबावे. सालातील आकड्यांभोवती कोरल्याच्या खुणा, कडेवर जोडाची रेषा, साबणासारखा बुळबुळीत पृष्ठभाग हे सर्व धोक्याचे इशारे आहेत. महागडे नाणे नेहमी तपासणी संस्थेकडून प्रमाणित केलेलेच घ्यावे. टोरांटोची आयसीसीएस ही संस्था १९८६ पासून कॅनडाची नाणी तपासत आली आहे. अमेरिकेतील पीसीजीएस आणि एनजीसी या तपासणी संस्थांचे सीलबंद डबेही कॅनडात चालतात, आणि नोटांसाठी पीएमजीचे.

जपणुकीसाठी मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, त्यांतून निघणारा हिरवट चिकट थर नाणे कायमचे खराब करतो. मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीचे पुठ्ठ्याचे चौकोन, कडक कॅप्सूल आणि नोटांसाठी आम्लविरहित पारदर्शक पाकिटे पुरेशी आहेत. तळघरातील दमट खोली टाळावी.

किंमत काढणे आणि विकणे

किमतीसाठी प्रथम चार्लटन या कॅनडाच्या नाण्या-नोटांच्या भावसूचीतील क्रमांक शोधावा, कारण विक्रेते आणि लिलावगृहे याच क्रमांकांनी बोलतात. १९३५ ची एक डॉलरची इंग्रजी नोट तेथे बीसी-१, तर फ्रेंच नोट बीसी-२ आहे. सूचीतील भाव हा विक्रेता ग्राहकाकडून घेऊ पाहतो तो भाव असतो. विक्रेता स्वतः घेताना त्याहून बराच कमी देतो, आणि दुकानाचा खर्च पाहता ते समजण्यासारखे आहे. म्हणून दुसरी पायरी म्हणजे त्याच प्रकारची आणि त्याच श्रेणीची नाणी लिलावांत प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहणे. येथे ‘मागितलेली किंमत’ आणि ‘विकली गेलेली किंमत’ यांची गल्लत होऊ देऊ नये. संकेतस्थळांवर कोणीही कितीही मागू शकतो. लिलावात बोलीवर चढणारे खरेदीदाराचे शुल्क आणि विक्रेत्याकडून कापले जाणारे कमिशन दोन्ही हिशेबात धरावेत.

पारख वाढवण्यासाठी ओटावाच्या बँक ऑफ कॅनडा संग्रहालयातील राष्ट्रीय चलनसंग्रह एकदा तरी सावकाश पाहावा. प्रवेश विनामूल्य आहे. रॉयल कॅनेडियन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन ही संस्था १९५० पासून आहे आणि तिच्या अधिवेशनांत विक्रेते एकाच छताखाली भेटतात, त्यामुळे एका दुपारी तीन-चार जणांकडून भाव विचारता येतो. विकताना एकाच विक्रेत्याच्या पहिल्या शब्दावर सौदा करू नये, आणि संपूर्ण डबा एकदम देण्याऐवजी सामान्य चांदी वजनावर, तर दुर्मीळ नग स्वतंत्रपणे द्यावेत.

कॅनडाच्या करकायद्यात नाण्यांची गणना विशेष नोंदीच्या वैयक्तिक मालमत्तेत होते आणि एक हजार डॉलरांहून अधिक किमतीला विकलेल्या वस्तूवरील नफा करपात्र ठरू शकतो. त्यामुळे प्रत्येक खरेदीची तारीख, किंमत, प्रकाराचा क्रमांक, श्रेणी आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे एका वहीत किंवा तक्त्यात पहिल्या दिवसापासून नोंदवावीत. विमा उतरवताना तीच नोंद लागते. नाणी पुढच्या पिढीच्या हाती गेल्यावर त्यांतील १९४८ चा डॉलर कोणता आणि साधा कोणता, हेही त्याच वहीवरून कळते.